पिशवी गळली नव्हती

पावसात कॅमेरा कोरडा ठेवायची अण्णांची स्वतःची पद्धत होती. अण्णा म्हणजे माझे वडील. चाकणच्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं पॅकिंगला होते, ठेकेदाराच्या हाताखाली. तयार झालेले गिअर तेलात बुडवायचे, निथळू द्यायचे आणि निळसर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचे, हे त्यांचं काम. त्या प्लॅस्टिकमध्येच असं काही मिसळलेलं असतं की लोखंडाला गंज धरत नाही. आत ओल शोषून घेणारी खड्यांची पुडी टाकायची, पिशवी पोटाशी दाबून हवा काढायची, मग तोंड पिळायचं, पिळलेला भाग उलटा दुमडायचा आणि वरून चिकटपट्टी. याला अण्णा ‘मान मुरगाळणं’ म्हणत. नुसती गाठ मारणारा माणूस त्यांच्या लेखी पॅकिंगवाला नव्हताच.

“गाठीतनं समुद्र आत येतो,” ते म्हणायचे. “माझा माल दीड महिना बोटीत असतो. तिकडं पेटी उघडली की गिअर कसा, आत्ता मशीनवरनं उतरल्यागत.”

गंजाची तक्रार त्यांच्या हातच्या पेटीची कधी आली नाही. आमच्या भोसरीच्या चाळीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, कारण अण्णांनीच सगळ्यांना सांगितली होती. त्यामुळे पावसाळा लागला की आमच्या दारात माणसं यायची. कुणी मोबाईल पॅक करून घ्यायला, कुणी रेशनकार्ड, एकदा तर एक आजी कानाचं मशीन घेऊन आली होती. अण्णा कंपनीतून पिशव्यांचे उरलेले तुकडे आणायचे. भंगारात जाणारे, तेही गेटवर वॉचमनला दाखवून, नोंद करून. मोबाईलसाठी त्यांच्याकडे वेगळा माल होता. पेटीच्या बाहेर यादी चिकटवायला जाड, पारदर्शक पाकीट येतं ना, ते. त्यातून स्क्रीन दिसायचा, बोटंही चालायची. कॅमेऱ्याच्या भिंगावर ते प्लॅस्टिक ताणून असं बसवायचे की फोटोत सुरकुती दिसायची नाही.

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या शेजारच्या खोलीतला मीटरवाला. इथलाच, मावळातला. घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि पाठवायचा, हे त्याचं काम. मीटर निम्म्या ठिकाणी उघड्यावर, पन्हाळीच्या खाली. फोन भिजला तर काम बंद.

“अण्णा, तुमी हाय म्हणून माझी भाकरी कोरडी हाय,” तो दरवर्षी म्हणायचा.

“भाकरी कोरडीच असती,” अण्णा म्हणायचे. “कालवणाचं बघ.”

आता माझं सांगते. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आईकडूनही आणि वडिलांकडूनही. बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास. हे मी तेव्हाही मान वर करून सांगत होते आणि आजही सांगते, त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. परभणीकडून एक पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या माणसाची मुलगी चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये बसते, तिच्यासमोर एसी असतो, ही साधी गोष्ट नाही. पण त्या लॅबमध्ये वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी ‘डिस्पॅचला आहेत’ म्हणायचे. खोटं नव्हतं. पॅकिंग डिस्पॅचमध्येच येतं. पण का तसं म्हणत होते ते मला नीट माहीत होतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी कॅमेरा घेतला. जुना, वापरलेला, पण चांगला. अण्णांनी तो हातात घेऊन दोन दिवस नुसता बघितला. बटणं कुठे आहेत, फट कुठे आहे, भिंग फिरवल्यावर किती पुढे येतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला एक अंगरखा शिवला. शिवला म्हणजे चिकटवला. निळी पिशवी, पाठीमागे स्क्रीन दिसावा म्हणून पारदर्शक पाकिटाची खिडकी, पुढे भिंगापुरतं भोक आणि त्या भोकाला सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रबरी रिंग, भिंगावर घट्ट बसणारी. खालून हात घालायला जागा होती. हात काढला की मान मुरगाळायची. एका कोपऱ्यात पुडीसाठी खिसाही होता.

“हे घालून धबधब्याखाली उभी राहा,” ते म्हणाले. “कॅमेरा शिंकणार न्हाई.”

त्या निळ्या पिशवीवर कंपनीची इंग्रजी सूचना छापलेली होती. ती नेमकी वर, अगदी समोर आली होती.

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या लॅबचे सात-आठ जण तिकोना किल्ल्यावर निघालो. दोन गाड्या. पायथ्याला उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता, नुसते ढग अंगावरून चालले होते. एकाने त्याच्या कॅमेऱ्याला विकतचं काळं कव्हर घातलं, मापाचं, चेनवालं. मी सॅकमधून माझा कॅमेरा काढला.

“ए, हे काय गं?” आमच्या टीम लीडरने विचारलं. “पार्सल कुठं निघालंय? जर्मनीला का?”

“अरे, ही तर आपल्या पॅकिंगमधली पिशवी,” दुसरा म्हणाला. “ते ठेक्यावरचे काका नाही का, दिवसभर खाली बसलेले, तेच वापरतात. तू काय स्टोअरमधून उचललीस की काय?”

सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, हे मी आज सांगू शकते. मी तेव्हा म्हणू शकले असते की माझे वडील तेच काम करतात आणि हे त्यांनी केलंय, आणि तुमच्या कव्हरपेक्षा चांगलं आहे. दोन वाक्यांचं काम होतं. मीही हसले आणि म्हणाले, “घरी एक जण आहेत, त्यांना प्रत्येक गोष्ट पॅक करायची सवय आहे. मी नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.”

एक जण.

मग मी रबरी रिंग ओढून काढली, पिशवी चुरगाळून सॅकच्या तळाशी कोंबली आणि कॅमेरा उघडाच गळ्यात अडकवला. अर्ध्या वाटेवर पावसाने गाठलं. कुणाच्या तरी छत्रीखाली, कुणाच्या तरी टोपीखाली कॅमेरा धरत मी वर गेले. वर जोराचा वारा होता, पाऊस आडवा येत होता. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा म्हणून मी बटण दाबलं आणि स्क्रीन पांढरा झाला, मग काळा. त्या विकतच्या कव्हरवाल्याने कीव आल्यासारखं बघितलं. पिशवी माझ्या पाठीवरच होती. तरी मी ती काढली नाही. काढली असती तर कळलं असतं ना, की तीच घालायला हवी होती.

उतरताना मात्र कॅमेरा ठेवायला दुसरं काही नव्हतं. सगळे पुढे गेले होते. मी तो ओला कॅमेरा तसाच अण्णांच्या पिशवीत घातला आणि सॅकमध्ये टाकला.

घरी आल्यावर सॅक अण्णांनीच उघडली. पिशवी वर धरली. कोपऱ्यात चमचाभर पाणी साचलेलं होतं.

“ह्याच्यात पाणी कसं काय आलं?” ते म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, पिशवीकडे बघून.

“शिरलं असेल कुठून तरी,” मी म्हणाले.

एवढंच. आधी ठरवून ठेवलं नव्हतं. त्यांनीच विचारलं आणि उत्तर त्यांच्या हातात तयार होतं, मी फक्त हो म्हटल्यासारखं झालं. अशी माझी समजूत मी बरेच दिवस घालत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती, मला दुपारची शिफ्ट. सकाळी मी उठले तर मोरीत बादली भरलेली. निळ्या पिशवीत वर्तमानपत्राचा बोळा, मान मुरगाळलेली, वर वरवंटा ठेवून ती पाण्याखाली दाबलेली. आई चहा गाळत म्हणाली, “पहाटपासून हेच चाललंय. मला भांडी घासू देईनात.” तासाभराने त्यांनी पिशवी काढली, पुसली, उघडली. कागद कोरडा. परत बुडवली. परत कोरडा. तिसऱ्यांदा त्यांनी पिशवी हातात धरून आपटली, हलवली, मी चालताना सॅकमध्ये हलली असेल तशी, आणि मग बुडवली. कागद कुरकुरीत.

मग ते माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्या कंपनीत तक्रार आली की साहेब लोक कामगारांना बसवून पाच वेळा ‘का’ विचारतात. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही, पाचव्या ‘का’ला खरं कारण सापडतं म्हणे. अण्णांच्या पेटीवर तशी वेळ कधी आली नव्हती, पण दुसऱ्यांच्या वेळी ते बसले होते. त्यांना ती पद्धत फार आवडायची. त्यांनी पंजा उघडला.

“कॅमेरा कामून बंद पडला?”

“पाणी गेलं म्हणून.”

करंगळी मिटली. “पाणी कामून गेलं?”

“पिशवीत पाणी होतं.”

“पिशवी तर गळंना. मग पिशवीत पाणी कामून आलं?”

“अण्णा, बाहेर गार असलं की आतल्या हवेचं पाणी होतं. कन्डेन्सेशन म्हणतात त्याला.”

“त्याच्यासाठीच तर पुडी टाकली होती,” ते लगेच म्हणाले. त्यांना कन्डेन्सेशन हा शब्द माहीत नसेल, पण ती गोष्ट माझ्या कॉलेजच्या आधीपासून माहीत होती. “चमचाभर पाणी व्हायला हवा किती लागल? पुडी असून हवेचं पाणी कामून झालं?”

चार बोटं मिटली होती. अंगठा वर होता. मला त्या अंगठ्याची भीती वाटली.

“अण्णा, मी फिजिक्स शिकलेय,” मी म्हणाले. “गिअरचं पॅकिंग वेगळं, कॅमेरा वेगळा. तुम्हाला नाही कळायचं ते.”

मग त्यांनी हात मांडीवर पुसला. “असंल, माय,” ते म्हणाले. “तू शिकलेली.” आणि बादली ओतायला उठले.

मला शिकवण्यासाठी या माणसाने डबल ड्यूट्या केल्या होत्या. त्या शिक्षणाचा त्यांच्यावर पहिल्यांदा उपयोग केला तो असा.

त्याच आठवड्यात मीटरवाला आला. त्याच्या फोनचं पाकीट एका कडेला विरलं होतं, नवीन हवं होतं. मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं.

“नको बाबा,” अण्णा म्हणाले. “दुकानातलं घे ह्या टायमाला.”

“का वो अण्णा? माल संपला व्हय?”

“मालाचं न्हाई. माझं पॅकिंग गळालं. पोरीचा एवढा कॅमेरा गेला. तुझा फोन गेला तर मला जड जाईल.”

“तुमचं अन् गळालं? काय बोलताय राव! मी न्हाई मानत.”

“मान,” अण्णा म्हणाले.

मी उठून दोन पावलं बाहेर गेले असते तर झालं असतं. मी केस विंचरत बसले.

मीटरवाल्याने रस्त्यावरचं एक पाकीट घेतलं. आठ-दहा दिवसांत त्याचा फोन एका जिन्याखाली, मीटरचा फोटो काढतानाच पाणी जाऊन बंद पडला. फोन नाही म्हणून ठेकेदाराने त्याची लाइन, म्हणजे त्याच्या ठरलेल्या गल्ल्या, दुसऱ्याला दिली. दीड महिना तो घरी बसला. संध्याकाळी ओट्यावर बसलेला दिसायचा, आणि मी कामावरून येताना “ताई, आलात का?” असं विचारायचा, नेहमीसारखंच. त्याच्या बायकोने एकदा आईला म्हटलं, “अण्णांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही म्हणतात.” आईने ते घरात येऊन सांगितलं. अण्णा जेवत होते. जेवत राहिले.

त्यानंतर आमच्या दारात पॅकिंगला कुणी आलं नाही.

कॅमेरा मी पिंपरीत एका दुरुस्तीवाल्याकडे टाकला होता. चष्मा लावून स्क्रूवर वाकलेले असायचे ते, छोटं दुकान, मागे नमाजाची चटई गुंडाळून ठेवलेली. कॅमेरा वाचला. माझी सेकंड शिफ्ट होती म्हणून तो आणायला अण्णा गेले. आणला, पुसला, कपाटात ठेवला आणि त्याबद्दल काही बोलले नाहीत. मलाही बोलणं नकोच होतं.

पुढे आम्ही पुनावळ्यात फ्लॅट घेतला. अण्णांचं काम सुटलं. मधे दोन पावसाळे गेले. यंदा मे महिन्यात माझा मोबाईल बिघडला म्हणून मी त्याच दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“तुम्ही त्या निळ्या पिशवीवाल्या चाचांची मुलगी ना?”

“कोणती पिशवी?”

“अरे, कॅमेरा न्यायला आले होते, तेव्हा पिशवी घेऊन आले होते. रबर लावलेली. क्या बनाई थी! मला म्हणाले, साहेब, तुम्ही उघडून बघितलाय, मला एवढंच सांगा, ह्याच्यातनं पाणी कुठून शिरलं? म्हणजे पुढच्या वेळी मी तिथं डबल पट्टी मारीन.”

मी काउंटरवरची काच धरून उभी होते.

“मग मी त्यांना दाखवलं. म्हटलं, चाचा, पाणी वरून आलंय. हे बघा, फ्लॅशच्या खाचेतून उतरलं, बटणांतून उतरलं. खालचा बॅटरीचा कप्पा कोरडा. पिशवीत गळालं असतं तर पाणी खाली साचलं असतं. हा कॅमेरा पिशवीत नव्हता, उघडा होता पावसात.”

“काय म्हणाले ते?”

“काही नाही. पिशवीची घडी घातली, खिशात ठेवली. मला चहा पाजला. जाताना म्हणाले, पोरीला बोलू नका हे.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. मीटरवाला अजून घरीच बसून होता तेव्हाच माहीत झालं होतं. त्या दिवशी परत येऊन ते चाळीत सांगू शकले असते की माझा हात शाबूत आहे. पण मग लोकांनी विचारलं असतं, पाणी आलं कुठून? माझं पॅकिंग गळालं म्हणायचं, की माझी शिकलेली पोरगी खोटं बोलली म्हणायचं, यातलं एक त्यांना निवडायचं होतं. त्यांनी बावीस वर्षांचं नाव दिलं आणि माझं ठेवलं.

हे कळल्यावर मी धावत घरी जाऊन पाया पडले असं लिहायला बरं वाटलं असतं. मी तसं केलं नाही. जून अख्खा गेला. मी रोज त्यांच्यासमोर जेवले. मी स्वतःला स्पष्टवक्ती समजते, ऑफिसात साहेबाला तोंडावर बोलते. दीड महिना मला एक वाक्य बोलता आलं नाही.

जुलैमध्ये एका रविवारी दुपारी पाऊस लागला होता. अण्णांचं छत्रीचं काहीतरी चाललं होतं, आम्ही दोघं खाली पार्किंगमध्ये होतो. तिथे जिन्याजवळ आमच्या बिल्डिंगचे मीटर आहेत. एक रेनकोट घातलेला माणूस आला, फोन शर्टाच्या आत धरलेला. त्याने टोपी मागे केली.

“अण्णा! आईच्या गावात, तुमी हितं राहता व्हय? माझी लाइन आता पुनावळं-रावेत झाली.”

अण्णांचा चेहरा उजळला. दोघं बोलत राहिले, कोण कुठे गेलं, चाळ पाडली का, वगैरे. तो बोलता बोलता फोन बनियनला पुसत होता. फोनला दुधाची पिशवी कापून गुंडाळली होती आणि वर रबरबँड. अण्णा त्या रबरबँडकडे बघत होते. त्यांची बोटं आपोआप हलली, पिळल्यासारखी, आणि मग त्यांनी हात पाठीमागे घेतला.

तो मागे घेतलेला हात बघून मी बोलले.

“दादा, त्या वर्षी अण्णांची पिशवी गळली नव्हती. मी ती काढून ठेवली होती. कॅमेरा उघडा भिजला. मी खोटं सांगितलं.”

मीटरवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे.

“तुमाला ठावं होतं?” त्याने अण्णांना विचारलं.

अण्णांनी हो म्हणून मान हलवली. मग त्यांनी पाठीमागचा हात पुढे आणला. चार बोटं मिटलेली, अंगठा वर. तीन वर्षं मनात तसाच ठेवला असावा.

“एक राहिला होता माय,” ते म्हणाले. “कामून काढलीस?”

मी म्हणू शकले असते की फोटो नीट येत नव्हते. तेही त्यांनी मानलं असतं.

“लाज वाटली,” मी म्हणाले. “सगळे हसले. ही पॅकिंगवाल्यांची पिशवी म्हणाले. मला तुमची लाज वाटली.”

बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं. अण्णांनी अंगठा मिटला. झालेली मूठ थोडा वेळ तशीच धरली आणि सोडली.

“आता सापडलं,” एवढंच म्हणाले. मग मीटरवाल्याला, “ती दुधाची पिशवी काढ. वास मारायली. वर चल, माझ्याजवळ अजून पाकिटं हायत.”

तिघं वर गेलो. आईने चहा ठेवला. अण्णांनी पलंगाखालून खोकं काढलं. पाकिटं होती, पुड्या होत्या, आणि सगळ्यात खाली घडी घातलेली निळी पिशवी, रबरी रिंगसकट. ती त्यांनी बाजूला ठेवली आणि फोन हातात घेतला. प्लॅस्टिक भिंगावर ताणलं, हवा काढली, मान मुरगाळली. हात पहिल्यासारखाच होता. मीटरवाला वाकून बघत होता, मधेच हसत होता, अण्णांशी बोलत होता.

“आता बुडव कुठं बी,” अण्णा म्हणाले.

“येतो अण्णा. येतो आई.” त्याने चपला घातल्या. मी दारातच उभी होते. पूर्वी तो मला न विचारता कधी जायचा नाही, ताई, बरं चाललंय ना, म्हणायचा. त्याने रेनकोटची बटणं लावली, मला वळसा घालून जिना उतरला आणि खाली आमच्या मीटरचा फोटो काढायला गेला.